दुपट्ट्याखालचं बोलणं

नागपूरकडच्या सिंदी गावातल्या आमच्या घरमालकांना मोठ्यानं बोलताना कोणी कधी ऐकलं नव्हतं. आम्ही तिथे राहायला गेलो तेव्हा सुरुवातीला मला वाटायचं, आत कोणीतरी आजारी असावं आणि त्याची झोपमोड होऊ नये म्हणून हे गृहस्थ असं कानाशी लागून बोलत असावेत. आत आजारी कोणी नव्हतं. आत काकू होत्या, आणि त्यांची तब्येत आणि आवाज दोन्ही इतके खणखणीत होते की त्यांनी धुणंवालीला मारलेली हाक स्टेशनच्या मालधक्क्यावर बसलेल्या माझ्या नवऱ्याला ऐकू जायची.

काकांचं शरीर मात्र कुजबुजणाऱ्या माणसाचं नव्हतं. सहा फूट उंची, रुंद खांदे, पिळदार मिशा, पांढरं धोतर, डोक्यावर काळी टोपी आणि डाव्या खांद्यावर घडी घातलेला दुपट्टा. असा माणूस समोर उभा राहिला की आता हा गरजणार म्हणून आपण मनाची तयारी करावी, आणि त्यांनी हळूच वाकून "बसा जी" म्हणावं. पहिल्या भेटीत मी बसलेच नाही, कारण मला ते ऐकूच आलं नाही. मी उभी म्हणून तेही उभे राहिले. शेवटी काकू आतून ओरडल्या, तेव्हा आम्ही दोघं बसलो.

माझा नवरा रेल्वेत मालबाबू. आम्ही साताऱ्याकडची माणसं, सत्तरच्या दशकात बदली होऊन तिकडे गेलेली. नवरा जागा बघायला गेला तेव्हा काकांनी त्याचा हात धरला, दुपट्ट्याखाली ओढला आणि भुवया उंचावून त्याची बोटं दाबायला सुरुवात केली. त्या भोळ्या माणसाला वाटलं, इकडे पाहुण्यांचं स्वागत असंच करत असतील. तोही मान डोलावत उलट त्यांची बोटं दाबत राहिला. काका विचारत होते, घरात माणसं किती. आम्ही होतो तिघं. राहायला गेलो त्या दिवशी काकूंनी आठ माणसांचं जेवण पाठवलं, आणि ताटं घेऊन आलेली बाई आमच्या दोन खोल्यांत उरलेली पाच माणसं शोधत राहिली.

काका कापसाचे दलाल होते, म्हणजे एकेकाळी होते. त्यांच्या उमेदीच्या काळात सौदा तोंडानं होतच नसे. घेणाऱ्यानं आणि विकणाऱ्यानं एकमेकांचा हात धरायचा, वर दुपट्टा टाकायचा आणि आत बोटं दाबून भाव सांगायचा. भोवती अख्खा बाजार उभा असला तरी आत काय चाललंय ते कोणाला कळायचं नाही. सौदा पटला की दुसरा हात वरून ठेवायचा, म्हणजे तो पक्का. या कामात काकांच्या तोडीचा माणूस सिंदीत नव्हता असं सगळे सांगायचे. पुढे मार्केट यार्डात उघडा हर्रास सुरू झाला, भाव ओरडून पुकारायचे दिवस आले. काकांच्या बरोबरीचे दलाल ओरडायला शिकले. काका शिकले नाहीत. ते खेड्यापाड्यांतून, पार वडनेरपर्यंत हिंडून दुपट्ट्याखालचे सौदे करत राहिले. मग सरकारच कापूस विकत घ्यायला लागलं आणि तेही संपलं. लोक म्हणायचे, काका मोठे मानी, चारचौघांत ओरडणं त्यांना हलकं वाटतं. मीही तसंच समजत होते.

"तोंडानं सांगतलेलं पलटते," ते म्हणायचे. "हातानं सांगतलेलं पलटत नाई." हेही कानाशीच. मी परक्या घरची बाई, माझा हात धरण्याचा प्रश्नच नव्हता, म्हणून मला काही सांगायचं असलं की ते काकूंच्या कानात सांगायचे आणि काकू ते साऱ्या आळीला सांगायच्या. नळाला पाणी आलं, पेरू पिकले, तुमच्या नवऱ्याचा सदरा वाळत घातलाय तो उडून चाललाय, हे सगळं मला या मार्गानं कळायचं.

काकूंना हाक मारण्यासाठी त्यांनी एक युक्ती केली होती. त्यांच्या बंगईच्या, म्हणजे झोपाळ्याच्या, कडीपासून स्वयंपाकघरापर्यंत सुतळी ओढून तिच्या टोकाला बैलाच्या गळ्यातली घंटा बांधली होती. बंगईवर बसून झोका घेता घेता सुतळी ओढली की चहा. पण झोका जरा जोरात गेला की घंटा आपोआप वाजायची, आणि मग काकू हातातलं काम टाकून बाहेर येऊन यथेच्छ बोलून जायच्या. काका शांतपणे ऐकून घ्यायचे. संसारातली बोलण्याची सगळी बाजू त्यांनी बायकोवर सोपवली होती.

कापसावरून मात्र त्यांचा हात सुटला नव्हता. कोणाच्याही घरी गेले की गादीच्या फाटक्या कोपऱ्यातून कापसाचा पुंजका काढायचा, दोन अंगठ्यांत धरून तंतू ओढायचे, डोळ्यांजवळ नेऊन बघायचे आणि मान हलवायची. माझ्या माहेरच्या गादीचा कापूस त्यांना पसंत पडला नाही. रोज सकाळी ते यार्डाच्या फाटकासमोरच्या चहाच्या हॉटेलात जायचे. तिथे त्यांच्यासारखेच दोन-चार जुने दलाल बसायचे, आणि ही मंडळी माल नसताना, गिऱ्हाईक नसताना, नुसती सवय जाऊ नये म्हणून एकमेकांशी दुपट्ट्याखाली सौदे करायची. एकदा तर एका सौद्यावरून खरं भांडण झालं आणि दोघं आठवडाभर बोलत नव्हते. काका तसेही बोलत नसत, त्यामुळे भांडण चालू आहे हे कळायला जरा वेळ लागला.

आमची कुंदा तेव्हा सहा वर्षांची होती. तिला 'क' म्हणता येत नसे. 'क'च्या जागी 'त' यायचा, 'ग'च्या जागी 'द', 'ख'च्या जागी 'थ'. गाय ही 'दाय', खाऊ हा 'थाऊ', काका हे 'ताता', आणि 'का?' विचारायला तिकडे 'काऊन' म्हणतात, ते 'ताऊन'. लहानपणी ते आम्हाला गोड वाटायचं. घरी आलेल्या माणसाला आम्ही तिच्याकडून मुद्दाम 'गोड खाऊ' म्हणवून घ्यायचो आणि सगळे हसायचे. तीही हसायची. आईबापांना आपल्या लेकराचं बोलणं इतकं समजत असतं की ते चुकतंय हे कानाला कळायचंच बंद होतं.

शाळेत कळलं. पहिलीच्या वर्गात बाईंनी नाव विचारलं. ती म्हणाली, "तुंदा." बाईंनी पुन्हा विचारलं. ती पुन्हा म्हणाली. तिसऱ्या वेळेपर्यंत सगळा वर्ग हसत होता, आणि मधल्या सुट्टीत पोरांनी तिच्याभोवती फेर धरून तेच नाव म्हटलं. त्या दिवशी तिनं तोंड मिटलं. आधी शाळेत मिटलं, मग अंगणात, मग घरातही. माझ्याशी बोलायची ते अगदी अडलं तर, आणि 'क' नसलेले शब्द शोधून शोधून. एवढीशी पोर, आणि तोंड उघडण्याआधी शब्द निवडत बसायची.

पोळ्याच्या आधी मोठ्या बाईंनी मला शाळेत बोलावलं. "पोट्टी मुकी हाय का जी?" त्यांनी विचारलं. बाई वाईट नव्हत्या. वर्गात पोरं भरपूर, आणि ही एकाही प्रश्नाला उत्तर देत नाही. दिवाळीपर्यंत बघू, म्हणाल्या, नाहीतर नागपूरला मुक्या-बहिऱ्या मुलांची शाळा आहे, तिथे वसतिगृहही आहे, तिथे घाला. मला त्यांचा राग आला, आणि राग येऊन काही उपयोग नाही हे कळून आणखी राग आला. सहा वर्षांची मुलगी नागपूरला एकटी ठेवायची. नवरा रात्री जेवला नाही.

काकूंनी उपचार सुरू केले. वेखंड उगाळून जिभेवर लावलं. शंखातलं पाणी पाजलं. देवळातल्या घंटेखाली तिला उभी करून घंटा वाजवली. पोपटानं उष्टं केलेलं फळ खाल्लं की मूल बोलतं, म्हणून भावाकडून पोपट आणवला. तो पोपट रोज एक पेरू अर्धा खायचा आणि उरलेला कुंदा खायची. त्यानं पोपट गुटगुटीत झाला. बोलत तोही नव्हता.

मग तान्हा पोळा आला. सिंदीचा तान्हा पोळा म्हणजे पोरांचा खरा सण. बैलपोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पोरं आपापले लाकडी बैल सजवून घरोघर फिरतात, मोठी माणसं त्यांच्या हातावर खाऊ ठेवतात. कुंदाचा बैल स्टेशनवरच्या सुतारानं करून दिला होता, शिंगांना बेगड लावलेला. पण घरोघर जायचं म्हणजे दारात जो तो विचारणार, "नाव काय तुहं?" ती बैल घेऊन आमच्या पायरीवर बसून राहिली. रस्त्यावरून पोरांचे घोळके चालले होते.

काका आले आणि तिच्या खालच्या पायरीवर बसले. तिच्याकडे बघितलं नाही. बैलाकडे बघितलं. त्याच्या वशिंडावरून हात फिरवला, पाय उचलून खूर पाहिले, तोंडाशी वाकून दात मोजल्यासारखं केलं. मग दुपट्टा सोडला, आपला हात पुढे केला आणि भुवया उंचावल्या. कुंदा घाबरली नाही. तिनं हा खेळ रोज बघितला होता. तिनं आपला हात दुपट्ट्याखाली घातला.

त्यांनी काय भाव सांगितला ते देवाला ठाऊक. तिनं मान हलवली आणि उलट दाबलं. काकांनी झटका बसल्यासारखा हात काढून घेतला, उठले, चार पावलं चालून गेले आणि बाजारातल्या गिऱ्हाइकासारखे परत आले. पुन्हा हात. पुन्हा उठले. असं बराच वेळ चाललं होतं. सौदा काही झाला नाही, कारण तिला बैल विकायचाच नव्हता. पण मी खिडकीतून बघत होते, आणि कितीतरी दिवसांनी माझी मुलगी हसत होती, आवाज करून.

तेव्हापासून दोघांचं जमलं. शाळेतून आली की दप्तर फेकायचं आणि काकांच्या बंगईवर जाऊन हात दुपट्ट्याखाली घालायचा. बोटांची भाषा ती दोन-चार दिवसांत शिकली, आणि मग दोघांनी तिच्यात भर घातली. भाव सोडून बाकीच्याच गोष्टी जास्त. काकू रागावल्यात, पोपट झोपलाय, आज शाळेत वाईट वाटलं, सगळं बोटांत. काका मधूनच मोठे डोळे करायचे, मधूनच मान हलवून चुकचुकायचे. लांबून बघणाऱ्याला वाटावं, दोन दलाल फार मोठ्या मालाची बोलणी करताहेत.

मला बरं वाटायचं आणि भीतीही वाटायची. सगळं बोटांनी भागत असेल तर ती तोंड कशाला उघडेल? आणि दिवाळी जवळ येत होती.

सेवाग्रामला न्यायचं काकांनीच सुचवलं. म्हणजे काकूंच्या कानात सांगितलं, आणि काकूंनी अंगणात उभं राहून सांगितलं. "हे म्हणून राह्यले, सेवाग्रामले मोठा दवाखाना हाय. नेजो पोट्टीले. हे बी येतो म्हणते."

दवाखान्यात कान तपासले, टाळू बघितली, जीभ बघितली. जिभेखालची शीर कापायची असेल असं काकूंचं ठाम मत होतं, तेही खोटं ठरलं. सगळं जागच्या जागी होतं. मग आम्हाला बोलणं शिकवणाऱ्या एका बाईंकडे पाठवलं. तरुण होत्या, जाड भिंगांचा चष्मा, टेबलावर एक आरसा आणि एक चमचा. त्यांनी कुंदाला काहीबाही विचारलं. कुंदा गप्प. तिचा हात हळूच शेजारी बसलेल्या काकांच्या दुपट्ट्याखाली गेला. काका वाकून बाईंच्या कानात म्हणाले, "ते म्हणते, आरसा बेस हाय."

बाई हसल्या. पुन्हा काही विचारलं. पुन्हा हात, पुन्हा काका कानाशी. असं तीन-चारदा झाल्यावर बाई हळू आवाजात म्हणाल्या, "काका, तिचं बोलणं तुम्हाला इतकं छान कळतं की तिला बोलायची गरजच पडत नाही. तुम्ही जरा बाहेर बसाल का?"

काका उठले. एवढा मोठा माणूस, पण दारातून जाताना मला लहान दिसला. खिडकीतून बघितलं तर ते कडुनिंबाखाली बसले होते, आणि दुपट्टा काढून, घडी करून, त्याच्यावर बसले होते.

आत कुंदानं शेवटपर्यंत शब्द काढला नाही. बाईंनी मला समजावून सांगितलं. 'क' म्हणताना जीभ मागून उचलायची असते, ही पुढून उचलते. शिकवता येतं, बरीच मुलं शिकतात. "पण जी मुलगी तोंडच उघडत नाही, तिची जीभ मी कुठे शोधू?" असं म्हणून त्यांनी कुंदाच्या डोक्यावरून हात फिरवला.

घरी आल्यावर काकांनी दुपट्टा खुंटीला टांगला तो टांगलाच. कुंदा बंगईशी जायची, हात पुढे करायची. काका दोन्ही हात काखेत घालून बसायचे आणि मान दुसरीकडे वळवायचे. त्यांनी बाईंचं ऐकलं होतं, पुरतं ऐकलं होतं. हॉटेलातही ते कोणाच्या हातात हात देईनासे झाले म्हणे. कुंदा पायरीवर बसून रडायची, तेही आवाज न करता. मला दोघांचीही दया यायची आणि काय करावं ते सुचायचं नाही. काकू म्हणाल्या, "दोघं बी मुके झाले. आता मी एकटीनं किती बोलाव?"

पुढच्या खेपेला दवाखान्याच्या व्हरांड्यात आम्ही बाकावर बसलो होतो. नंबर यायचा होता. काकांनी पिशवीतून दुपट्टा काढला आणि कुंदापुढे हात केला. मी त्यांना अडवणार होते, पण त्यांचा चेहरा बघून पिशवी उचलून बाजूला सरकले. सौदा सुरू झाला. त्यांनी काहीतरी सांगितलं. कुंदानं मान हलवली. त्यांनी पुन्हा सांगितलं. मग कुंदानं काहीतरी मागितलं, आणि काकांनी हात ओढून घेतला. उठले. व्हरांड्याच्या टोकापर्यंत गेले. तिथे पाठ करून उभे राहिले. परत आले तेव्हा कपाळावर घाम होता. खाली बसले, हात दुपट्ट्याखाली घातला, आणि थोड्या वेळानं दुसरा हात वरून ठेवला.

सौदा पक्का झाला होता. कुंदा उठली, एकटी आत गेली, बाईंच्या टेबलासमोर उभी राहिली आणि मला बाहेर ऐकू येईल अशा आवाजात म्हणाली, "माहं नाव तुंदा."

बाई हसल्या नाहीत. "बस, कुंदा," म्हणाल्या, आणि आरसा पुढे ओढला. मी बाहेर पदर तोंडात धरून रडले. काका समोरच्या भिंतीकडे बघत बसले होते.

तिचा 'क' यायला पुढे बरेच महिने लागले. घसा मागून हलतो हे कळावं म्हणून बाईंनी गुळण्या करायला सांगितल्या. जीभ मागे पडावी म्हणून खाटेवर उताणं झोपून डोकं खाली सोडायला सांगितलं. कुंदा एकटी करेना, तेव्हा काका करायचे. अंगणात शेजारीशेजारी दोन खाटा, एकीवरून सहा वर्षांच्या पोरीचं डोकं लोंबतंय आणि दुसरीवरून साठी उलटलेल्या दलालाचं, टोपी जमिनीवर पडलेली. आता ती दोन मुलांची आई आहे आणि फोनवर इतकं बोलते की मला रिसीव्हर या कानावरून त्या कानावर घ्यावा लागतो. पण हे सगळं नंतरचं. आधी सौदा पुरा व्हायचा होता, आणि तो अडला.

दुपट्ट्याखाली काय ठरलं ते तिसऱ्या माणसाला सांगायचं नसतं. पण कुंदा लहान होती. परतीच्या गाडीत तिनं मला सांगून टाकलं. "मी माहं नाव सांदतलं. आता ताता बजारात मोठ्यानं आपलं नाव सांदनार." काका खिडकीबाहेर बघत होते.

दुसऱ्या दिवशी काकांचा घसा धरला. ऐन उकाड्यात गळ्याला मफलर. तिसऱ्या दिवशीही तेच. कुंदा रोज सकाळी त्यांच्या दारात जाऊन उभी राहायची, मफलर बघायची आणि परत यायची. चौथ्या दिवशी तिनं गुळण्या करायचं बंद केलं. माझ्याशीही बोलेना. तिचं म्हणणं सरळ होतं, तिनं आपली बाजू पुरी केली होती आणि समोरच्यानं हात मागे घेतला होता. दिवाळी आठ-दहा दिवसांवर आली होती. मी संतापले. आपलं स्वतःचं नाव घ्यायला या माणसाला एवढं जड काय जातंय? माझी मुलगी नागपूरला जायची वेळ आली आहे आणि यांचा मान आडवा येतोय.

मी हे काकूंना बोलून दाखवलं. त्या तूर निवडत होत्या. त्यांनी सूप खाली ठेवलं, इकडेतिकडे बघितलं, आणि पहिल्यांदाच मी त्यांना हळू आवाजात बोलताना ऐकलं.

"बाई, त्याइचा आवाज फुटला नाई कधी."

मला कळलं नाही.

"पोट्ट्यायचा आवाज फुटते नं, मिसरूड आल्यावर? तसा त्याइचा फुटलाच नाई. मोठे झाले, आवाज तेवढाच राह्यला. लहान पोरीवानी. लग्नात पंगतीत नाव घ्या म्हणे, तं उठून चालले गेले हे. हर्रास आला तवा एक डाव तिकडे नागपूरच्या यार्डात तोंड उघडलं, लोक हासले. तवापासून मले बी कानातच बोलते."

मी सूप उचलून पुन्हा त्यांच्यापुढे ठेवलं. मग काकांकडे गेले. ते बंगईवर बसले होते, झोका न घेता. "काका, राहू द्या," मी म्हणाले. "कुंदाला मी समजावते. ती लहान आहे, विसरून जाईल."

त्यांनी मान हलवली. ते माझ्याशी थेट कधी बोलत नसत, त्या दिवशी बोलले, अगदी ओठातल्या ओठात. "सौदा हाय, बाई."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मफलर काढून ठेवला, टोपी नीट केली, कुंदाला बोट दिलं आणि निघाले. मी भाजीची पिशवी उचलून मागे निघाले. भाजी घरात होती.

कापसाचे दिवस सुरू झाले होते. यार्डाच्या फाटकाबाहेर गाड्यांची रांग लागली होती, गाडीवाले हॉटेलात चहा पीत होते, बाकांवर जुने दलाल बसले होते. काकांना बघून एकानं सरकून जागा केली आणि दुपट्टा सोडून हात पुढे केला. "या शेठ. लय दिवसानं."

काकांनी हात दिला नाही. उभेच राहिले. डोळे मिटले, छाती भरून श्वास घेतला, आणि आपलं नाव सांगितलं. आपलं, वडलांचं, आडनावासकट. सगळ्या हॉटेलाला ऐकू जाईल असं.

त्या एवढ्या मोठ्या देहातून दहा वर्षांच्या मुलीचा आवाज आला.

क्षणभर कोणाला समजलंच नाही की बोललं कोण. मग एक गाडीवाला फिसकन हसला, त्याच्या मागून दुसरा, आणि मग सगळं हॉटेल हसायला लागलं. जुने दलालही हसत होते. "आनखी एक डाव सांगा जी," कोणीतरी मागून म्हणालं. काकांचे कान लाल झाले होते. पण ते गेले नाहीत. दोन्ही हात सोडून तिथेच उभे राहिले.

कुंदा एकेका तोंडाकडे बघत होती. ही तोंडं तिला ओळखीची होती, ती तिच्या वर्गातली होती. माझ्या मनात आलं, संपलं, आता ही जन्मात बोलणार नाही. मी तिला उचलायला पुढे झाले. तोवर तिनं काकांचं बोट सोडलं होतं आणि ती बाकावर चढली होती.

"ताऊन हासून राह्यले?" ती ओरडली. "माहे ताता हायेत ते. त्याइचं नाव हाय ते. नावाले ताऊन हासता तुम्ही?"

आधी पुढचे गप्प झाले, मग मागचे. कढईत तेल चुरचुरत होतं त्याचा आवाज ऐकू यायला लागला. जागा करून देणाऱ्या त्या दलालानं कपबशी खाली ठेवली आणि खालमानेनं विचारलं, "कोनाची हो हे पोट्टी?"

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं. पण काकांनी माझ्या आधी उत्तर दिलं. वाकून नाही, कोणाच्या कानाशी नाही. त्याच आवाजात, फाटकापाशी उभ्या असलेल्या गाड्यांपर्यंत जाईल असं.

"माही."